सोनवणे मॅडम आणि उपाशी माश्या

शहाड स्टेशनबाहेर एक केळीवाला बसायचा. सोनवणे मॅडमच्या घरी फार वाईट दिवस आलेत, अशी त्याची पक्की समजूत होती. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांवर चष्मा, अशी बाई दर सोमवारी येते, पिवळीधमक केळी बाजूला सारते आणि विचारते, "काळी पडलेली नाहीत का? अगदी गळायला आलेली?" सुरुवातीला तो कुरकुरत द्यायचा. मग त्याला दया यायला लागली. एकदा त्याने चांगली केळी पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत आणि हळूच म्हणाला, "ताई, पोरांना ही द्या. ती सडकी नका देऊ." मॅडमनी त्याला समजावलं, की ही केळी पोरांसाठी नाहीत, माश्यांसाठी आहेत. "मी माश्या पाळते," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून तो पुन्हा पैसे घ्यायला लागला, पण त्यांच्या डोळ्यांत बघायचं मात्र टाळायचा.

हे त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. ठाण्याच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, आणि मी त्याच विभागात नवीन लागलेलो. पहिल्याच दिवशी त्या मला व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीत घेऊन गेल्या. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवायचे. आता कपाटभर काचेच्या नळ्या होत्या, प्रत्येकीला कापसाचं बूच, आणि आत तिळाएवढ्या फळमाश्या. खोलीत यीस्टचा आणि मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा आंबूस वास भरलेला. "नाईक, वास येतोय?" त्यांनी विचारलं. मी शिष्टाचार म्हणून नाही म्हणालो. "येतो. सगळ्यांना येतो. खोटं बोलणाऱ्या माणसाला मी मोजणीला बसवत नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच मला मोजणीला बसवलं.

मॅडम ठेंगण्या, आवाजाने मोठ्या. फोन उचलला की "जय भीम, बोला," आणि समोरच्याने बोलायला सुरुवात केली की मध्येच, "बरं, पुढे?" कौतुक असो, तक्रार असो, प्राचार्यांचा निरोप असो, सगळ्याला "बरं, पुढे?" माणूस आपोआप मुद्द्यावर यायचा. दुसरा त्यांचा आवडता शब्द म्हणजे "कुणात?" स्टाफरूममध्ये एकदा गणिताचे सर म्हणाले, मेथीचं पाणी प्यायलं की शुगर उतरते.

"कुणात?" मॅडम.

"कुणात म्हणजे? माझ्या मेहुण्यात उतरली."

"एक मेहुणा म्हणजे पुरावा नाही. पन्नास मेहुणे आणा, निम्म्यांना मेथी द्या, निम्म्यांना नुसतं पाणी."

पेपरात रोज काही ना काही छापून यायचं, हे खाल्लं की स्मरणशक्ती वाढते, ते प्यायलं की म्हातारपण लांबतं. मॅडम वाचता वाचता पेनाने प्रत्येक मथळ्यापुढे लिहून टाकायच्या: "उंदरात." "उंदरात." "नळीतल्या पेशीत." त्यांनी चाळलेला पेपर दुसऱ्याला वाचताना मजा यायची.

त्यांचं काम होतं चेतापेशींवर. वर्गात त्या ते सोप्या शब्दांत सांगत. कातडीची पेशी बिघडली की मरते, तिच्या जागी दुसरी येते. मेंदूतल्या पेशीचं तसं नाही. ती बहुतेक जन्मभर तीच. तिच्यात काही मोडलं, गंजलं, तर ते टाकायला तिला बाहेर जाता येत नाही. मग ती त्या मोडक्या भागाभोवती एक पिशवी तयार करते. ती पिशवी पाचक रसाच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते, आतलं सगळं विरघळतं, आणि त्यातून जे सुटं सामान मिळतं ते पेशी परत वापरते. "ह्याला ऑटोफॅजी म्हणतात," मॅडम म्हणत. "काही कीटकनाशकं काय करतात, पेशीला जिथून ताकद मिळते ते भागच मोडतात. मोडतोड वाढली आणि सफाई कमी पडली, की पेशी मरते. मग मला एवढंच बघायचंय, आधीपासून सफाईचा वेग वाढवला तर पेशी वाचते का." एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारायचा, वाचते का मॅडम? त्या खडू ठेवून सांगायच्या, "माशीत वाचते. थोडी. सफाई फार वाढली तर तीही बाधते. आता पुढचं लिहून घ्या."

ते तपासायची पद्धत बघण्यासारखी होती. माश्यांची नळी टेबलावर हलकेच आपटायची. सगळ्या माश्या तळाला पडतात. निरोगी माशी लगेच काचेवरून वर चढायला लागते, तो तिचा स्वभावच आहे. विष खाल्लेली तळाशी घुटमळते, अर्ध्यावर जाऊन घसरते. ठरलेल्या वेळात किती वर पोचल्या ते मोजायचं. मोजताना मॅडम तटस्थ राहू शकत नसत. "चल गं, चल. जरा जोर लाव. अगं, मागे काय बघतेस." मी एकदा म्हणालो, मॅडम, ह्यांना ऐकू येत नाही. "मला येतं ना," त्या म्हणाल्या.

कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली, त्या दिवशीचा किस्सा विभागात अजून सांगतात. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना कुणाच्या तरी कोपराने एक नळी पडली आणि माश्या सुटल्या. तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात पाहुण्यांसाठी आंब्याचा रस आलेला. फळमाशीला आणखी काय हवं. अध्यक्षांच्या पेल्याच्या काठावर सात-आठ माश्या येऊन बसल्या. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. मॅडम पुढे झाल्या, चष्मा वर करून पेल्याजवळ वाकल्या, हातातल्या त्या नळीवरची चिठ्ठी वाचली आणि अध्यक्षांना अदबीने म्हणाल्या, "घाबरू नका सर. ह्या विष न दिलेल्या आहेत." अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. पण जाताना त्यांनी मॅडमशीच सगळ्यात जास्त वेळ गप्पा मारल्या, असं प्राचार्य नंतर थोड्या नाराजीने सांगत.

आता पेंडसे काकांचं सांगतो.

डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने मॅडमना भाषणाला बोलावलं. मी डोंबिवलीचाच, म्हणून मला बरोबर घेतलं. सभागृह भरलेलं. मॅडम छान बोलल्या. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य सांगितलं, की पेशीला बाहेरून अन्न कमी मिळालं, की ही आतली सफाई वाढते. वाक्य खरं होतं. पुढे त्यांनी नेहमीप्रमाणे "हे माशीत, उंदरात बघितलंय" वगैरेही जोडलं. पण तोवर मागे चहाचे कप वाजायला लागलेले.

शेवटी पहिल्या रांगेतून एक गोरे, सडपातळ गृहस्थ उठले. उठायला त्यांना वेळ लागला. उजवा हात थरथरत होता. "मी पेंडसे. इथल्याच औद्योगिक वसाहतीत कीटकनाशकांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. निवृत्तीनंतर कंपवात जडला. माझा प्रश्न असा, की माझ्या मेंदूतला सफाई विभाग संपावर गेला आहे काय?"

लोक हसले. मॅडमही हसल्या, पण उत्तर सावकाश दिलं. तसं काही होत असावं असा अंदाज आहे, पण तुमच्या बाबतीत मी सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते ऐका. काकांनी मान डोलावली आणि बसले.

आठवड्याभरात संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाच्या फुलाखाली एक मजकूर फिरायला लागला: "ठाण्याच्या डॉक्टर सोनवणे सांगतात, उपाशी राहा, मेंदू धुऊन निघेल." मी तो मॅडमना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. "अरे नाईक, मी 'माशीत' म्हटलेलं. माझं 'माशीत' कुणी खाल्लं?" तेव्हा आम्ही हसलो.

मग पेंडसे काकूंचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावलेला, म्हणून मलाही ऐकू आलं. "तुम्हीच त्या माश्यांच्या बाई का? आमच्या ह्यांनी जेवण सोडलंय. गोळ्याही बंद केल्यात. सकाळी मोरीत पडले. मी काही म्हटलं की म्हणतात, बाईंनी सांगितलंय."

मॅडम ह्या वेळी "बरं, पुढे?" म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला. मग पर्स उचलली. "चल. डोंबिवलीला जायचंय."

पेंडसे काका खुर्चीत ताठ बसलेले. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, आवाज इतका बारीक झालेला की जवळ वाकावं लागत होतं. कपाळाला खोक, त्यावर पट्टी. पण बुद्धी शाबूत होती आणि हट्ट त्याहून शाबूत.

"बाहेरून आयती मदत मिळाली की आतली यंत्रणा आळशी होते," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "म्हणून गोळ्या बंद. अन्न बंद. आता सफाई सुरू होईल."

"हे कुणी सांगितलं?"

"भाषणातलं वाक्य तुमचं. पुढचं माझं अनुमान."

"काका, तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडतंय, त्याची भर ती गोळी घालते. ती अशी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. तुम्ही आत्ता असे ताठ झालात ते त्यानेच."

"असेल. पण मी आयुष्यभर तपासणी विभागात काम केलं आहे, बाई. माल पाहिल्याशिवाय मी सही करीत नाही."

काकू पदराने डोळे पुसत दाराशी उभ्या होत्या. हातात गोळ्यांची पट्टी होती, तीही चुरगळून गेलेली. मॅडमनी त्यांच्याकडून डॉक्टरांचा नंबर घेतला, गॅलरीत जाऊन बोलल्या आणि परत आल्या. डॉक्टर संध्याकाळी घरी यायला तयार होते, तोवर एक गोळी आणि हलकं खाणं द्या, म्हणालेले. काकांनी तोंड फिरवलं.

मॅडम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "माल दाखवला तर सही करणार?"

काकांचे डोळे हलले. "कसला माल?"

"माश्या. विष दिलेल्या, आणि वर उपाशी ठेवलेल्या. शेजारी जेवणाऱ्या. चिठ्ठ्या झाकून ठेवते, तुम्ही स्वतः तपासा."

"इथे आणा."

"विष कॉलेजच्या बाहेर नेता येत नाही. तुम्हाला ठाण्याला यावं लागेल. आणि असं लाकडासारखं अंग घेऊन तुम्हाला गाडीत कोण बसवणार? मला नमुने तयार करायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर तुम्ही गोळ्या घ्यायच्या, जेवायचं, अंग मोकळं करायचं. नाहीतर तपासणी रद्द."

काका म्हणाले, "हा सापळा आहे, बाई."

"हो. आहे."

काकांनी थरथरता हात पुढे केला. काकूंनी त्यावर गोळी ठेवली, आणि मऊ भात आणायला त्या आत जवळजवळ पळतच गेल्या.

ठरलेल्या दिवशी काका आले. टॅक्सीतून उतरताना मी आधार द्यायला गेलो, तर त्यांनी मला दूर केलं आणि व्हरांडाभर स्वतः चालत आले. शर्ट खोचलेला, खिशाला पेन. टेबलावर चार नळ्या मांडलेल्या, चिठ्ठ्यांवर कागद चिकटवलेला. काकांनी पहिली नळी उचलली आणि टेबलावर आपटली. माश्या पडल्या आणि चढायला लागल्या, पण काकांच्या हातात नळी इतकी थरथरत होती की बिचाऱ्या पुन्हा पुन्हा खाली.

"बाई, तुमच्या माश्या नापास आहेत."

"माश्या चांगल्या आहेत. भूकंप तुमचा आहे. नळी टेबलावर ठेवा आणि हात सोडा."

काका हसले. चेहरा फार हलला नाही, पण खांदे हलले. काकूही हसल्या, आणि मग तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळल्या.

त्यांनी सगळ्या नळ्या नीट तपासल्या, पुन्हा पुन्हा, मला वेळ सांगायला लावून. पहिलीतल्या माश्या सरसर वर गेल्या. दुसरीतल्या तळाशीच रेंगाळल्या. तिसरीतल्या कशाबशा पण बऱ्याचशा चढल्या. चौथी नळी आपटायची वेळच आली नाही. तिच्यातल्या बहुतेक माश्या पाठीवर पडलेल्या.

"उघडा," काका म्हणाले. मॅडमनी कागद काढले. पहिली साधी. दुसरी विषाची. तिसरीत विष, पण आधीपासून सफाई वाढवणारं औषध. चौथीत विष आणि उपास.

"म्हणजे ही माझी," काका चौथीवर बोट ठेवून म्हणाले.

"हो."

"पण उपासाने सफाई वाढली असेलच ना?"

"वाढली असणार. पण मोडकं संपलं की पेशी धडधाकट सामानही मोडून खायला लागते. मग उरायला काय हवं?"

काकांनी तिसरी नळी जवळ ओढली. तिच्याकडे ते ज्या नजरेने बघत होते ते मला पाहवेना. "आणि हे औषध?"

मॅडमचा आवाज उतरला. "हे माशीत आहे, काका. तुमच्या आजारात माणसाला उपयोगी पडतं का, ते मला माहीत नाही. पक्कं कुणालाच माहीत नाही अजून."

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"आज तरी नाही."

मग काकांनी विचारलं, "माझा आजार त्या पावडरीमुळेच का? आम्ही नमुने हातानेच काढायचो. घरी आलो की ही मला आधी मोरीत पाठवायची."

"अशा कामाने धोका वाढतो, एवढं म्हणता येतं. एका माणसाबद्दल ह्याचमुळे झालं असं नाही सांगता येत."

"इतकी वर्षं माश्या मोजून एवढंही सांगता येत नाही? मग कशासाठी करता हे?"

प्रश्नात राग नव्हता. तरी मॅडम चिठ्ठ्यांचे कागद उगाच सरळ करत राहिल्या. "माझे वडील पाठीवर पंप घेऊन डासांची फवारणी करायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागून पळायचो, त्या धुरात. भारी वाटायचं, आपल्या बाबांकडे धूर आहे म्हणून. शेवटी शेवटी त्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना. मी लावून द्यायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे, बाबा, हे काजच लहान शिवलंय. मीही डॉक्टरांना तुमच्यासारखंच विचारलेलं. त्यांनीही माहीत नाही म्हणूनच सांगितलं. मला तेव्हा राग आलेला. आता येत नाही."

इतकी वर्षं एका खोलीत बसून हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "सही कुठे करायची?" सही करायला तसं काही नव्हतंच. मॅडमनी चौथ्या नळीची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी तिच्यावर वेडीवाकडी, पण पूर्ण नावाची सही केली. मग काकूंनी आणलेली थालीपिठं आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून खाल्ली, कारण प्रयोगशाळेत खाणाऱ्याला मॅडम हाकलून देत. काकांनी दोन खाल्ली.

पुढच्याच सभेत काका संघात उभे राहिले आणि बारीक आवाजात, माईक तोंडाला जवळजवळ चिकटवून, सगळं सांगितलं. ग्रुपवरही त्यांनी लिहिलं: "सोनवणेबाईंचे म्हणणे माशीपुरते आहे. ज्येष्ठ नागरिकांनी वेळेवर जेवावे." त्यावर गुलाब नव्हता. त्यानंतर अधूनमधून ते कॉलेजात यायला लागले. मॅडमच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांना पसंत नव्हतं आणि नळ्यांचा क्रम तर मुळीच नाही. दोघं तासभर भांडत. "आमच्याकडे असा नमुना आला असता तर मी परत पाठवला असता." "तुमच्याकडून बाहेर गेलेल्या मालानेच माझ्या माश्या मरतात, काका." काकूंना हे भांडण ऐकायला आवडायचं. घरी कुणी ह्यांच्याशी भांडत नाही, सगळे जपून बोलतात, त्या मला म्हणाल्या.

काका बरे झाले नाहीत, तो आजार तसा नव्हेच. दर वर्षी थोडे थोडे मंद होत गेले. पुढे येणं थांबलं, तेव्हा मॅडम रविवारी डोंबिवलीला जाऊन भांडून यायच्या.

मॅडमचा ह्या माश्यांवरचा शोधनिबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. परीक्षकाचा आक्षेप होता, की हे निष्कर्ष केवळ माश्यांपुरते मर्यादित आहेत. ते वाचून मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. "अरे, हेच तर मी गावभर सांगत फिरतेय. ह्या माणसाला आपल्या संघात बोलव रे भाषणाला." दुसरीकडे तो छापून आला. त्याच्या शेवटी आभाराच्या यादीत पेंडसे काकांचं नाव होतं, आणि त्यांच्या हुद्द्याच्या जागी मॅडमनी लिहिलेलं, "तपासणी विभाग."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा भाषण करू देऊ नका, मी रडेन, असं त्यांनी आधीच बजावलेलं. मग स्वतःच उभं राहून पाऊण तास बोलल्या आणि रडलं भलतंच कुणीतरी, बहुतेक गणिताचे सर.

काही महिन्यांनी त्या लेकीकडे नाशिकला राहायला जाणार असं कळलं. निघण्याआधी भेटावं म्हणून मी एका सकाळी शहाडला गेलेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मैदानावर बघा, नदीच्या बाजूला. मैदानावर क्रिकेट थांबलेलं आणि पोरं कडेला उभी राहून बघत होती. मधोमध सोनवणे मॅडम, साडीवर हेल्मेट, नव्याकोऱ्या स्कूटरवर. लेकीच्या गावात सगळं लांब लांब आहे म्हणून साठाव्या वर्षी गाडी शिकायला घेतलेली. लेक मागून धावत ओरडत होती, "आई, ब्रेक. आई, ब्रेक दाब." मी हात हलवला. मॅडमनी मला पाहिलं, ओळखलं, हसल्या, आणि सरळ माझ्याच दिशेने आल्या.

"नाईक, बाजूला हो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "मला अजून थांबता येत नाही."

मी बाजूला झालो. त्या माझ्या शेजारून गेल्या, मैदानाच्या फाटकातून बाहेर पडल्या, डावीकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. लेक चपला हातात घेऊन मागे पळाली. मी बराच वेळ तिथे उभा होतो. पोरांनी पुन्हा स्टंप रोवले, खेळ सुरू झाला, तरी त्या काही परत आल्या नाहीत.